गावातली शेवटची जनता

"सरका पुढं, लेकरं लोंबकळायलीत! भूऽम, भूम, भूम!" तुळजाबाई परकरात होती तेव्हा फाट्यावरच्या कंडक्टरची ही हाळी बाभळी ओलांडून पार मळ्यात यायची. पुढं ती गाडी बंद झाली. प्रवासी कमी म्हणून गाडी बंद आणि गाडी बंद म्हणून प्रवासी कमी, एवढं सरकारी उत्तरात अगदी स्पष्ट होतं.

त्यामुळं तिची लेक हर्षाली दहावी होऊन घरी बसायच्या बेतात होती. येडशीचं एक स्थळ तर चहाही पिऊन गेलं होतं.

अशात तालुक्याच्या गावी, भूमला, एका नेतृत्व घडण केंद्रानं चर्चासत्र मांडलं : 'ग्रामीण वाहतूक – आव्हाने आणि दिशा'. गावाला वाहन नसल्यानं गावकरी चर्चेला पोचणार नाहीत, ही बाब केंद्राच्या निदर्शनास आली. सबब, खास गाडी मंजूर झाली. रोज सकाळी फाट्यावरून न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. गावातला प्रत्येक प्रौढ नागरिक नेता होईस्तोवर. मागच्या बाकांवर हर्षालीसकट गावातल्या साऱ्या पोरी दप्तरं घेऊन बसल्या. अकरावीला नाव लागलं. स्थळाला नकार गेला.

सभागृहात केंद्राच्या मुकुल सरांनी विचारलं, "गावाची समस्या काय?"

"गाडी न्हाय," बंडप्पा म्हणाला.

"चूक. 'दळणवळणाच्या सर्वसमावेशक संधींचा अभाव.' म्हणा."

बंडप्पा म्हणाला आणि उत्तीर्ण झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, व्यासपीठावर खुर्ची मिळाली. एकदा नेता झालेला माणूस खाली बसत नाही. मग रोज नवे नेते निघू लागले आणि व्यासपीठाला फळ्या जोडता जोडता ते दारापर्यंत आलं. श्रोत्यांना बाहेर पायरीवर सरकवण्यात आलं. होता होता पायरीवर एकटी तुळजाबाई उरली.

"ताई, समस्या काय?"

"गाडी पायजे."

"नापास."

तिचा नवरा बलभीम पहिल्याच आठवड्यात नेता झाला होता. एरवी ताटावरून ओरडणारा माणूस आता घसा साफ करून म्हणायचा, "कालवणाच्या संदर्भात एक मुद्दा उपस्थित करतो."

"मीठ कमी पडलंय का?"

"मी तपशिलात जात न्हाय."

वर टोमणा असायचाच. "समदं गाव पुढारी झालं, तूच तेवढी जनता ऱ्हायलीस. चारचौघांत मान खाली जाती माझी."

तुळजाबाई मुकाट्यानं मीठ वाढायची.

हर्षालीची बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि त्याच आठवड्यात मुकुल सरांनी माईक हातात घेतला. "शंभर टक्के नेतृत्वाच्या उद्दिष्टात केवळ एका व्यक्तीचा अडसर आहे. तुळजाबाईंना सवलतीचे गुण देऊन आज नेता घोषित करण्यात येत आहे. प्रकल्प पूर्ण! गाडी उद्यापासून बंद."

व्यासपीठावरून अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. तुळजाबाई पायरीवरून उठली. पदर खोचला.

"थांबा, सर. 'दळणवळणाच्या सर्वसमावेशक संधींचा अभाव.' येतंय मला. पहिल्याच दिवशी पाठ झालतं."

तिनं व्यासपीठाकडं बोट केलं.

"पर मी पास झाले की गाडी जाणार, म्हणून दोन वरसं रोज नापास व्हायलेय. ह्यांचे टोमणे खाल्ले, तुमचं हसणं सोसलं. अहो, तुमच्या समद्यांच्या पोरी त्याच गाडीत बसत्यात! तुम्ही शालीपायी पास झालात, म्हणून मला नापास ऱ्हावं लागलं. लेकींची परीक्षा तेवढी होऊ द्या. मग करा काय करायचं ते."

व्यासपीठ गहिवरलं. बलभीमनं शालीच्या टोकानं डोळे टिपले. सरांनी माईक उंचावला.

"त्याग! दूरदृष्टी! संघटन! बंधुभगिनींनो, हेच ते नेतृत्व! सवलतीच्या गुणांची गरजच नाही. ताई विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण! गाडी आजच बंद!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! छपराचे पत्रे थरथरले. आणि खरं सांगा, ताईचं बोलणं संपलं तेव्हा तुमचेही हात टाळीलाच उठले होते; गाडीच्या आडवं जाऊन उभं राहायचं कुणाच्या मनात आलं?