चिंगीवाली, सुलतानवाला आणि दुसरी मेरी

आमच्या समोरच्या लोपीसबाई जुन्या नटांची, गायकांची नावं घेत नाहीत. त्या नट-गायकांच्या मांजरांची घेतात.

रेडिओवर जुनं गाणं लागलं आणि मी म्हटलं, "काय आवाज होता हो हिचा!" की त्या क्षणभर कान देतात. "ही ना? ही चिंगीवाली. चिंगी लय गुणी मांजर. बाई ठीक होती." पडद्यावर रडण्यासाठी गाजलेला एक नायक त्यांच्या लेखी सुलतानवाला. "त्याला रडायला ग्लिसरीन लागायचं. सुलताननं डब्यातलं पापलेट पळवलं, त्या दिवशी खरा रडला." एक थोर सतारिये आहेत, ते मखमलवाले. मखमलने सतारीच्या गवसणीत पिल्लं घातली आणि रेकॉर्डिंग पुढे ढकलावं लागलं म्हणे.

मुलांनो, तुमच्या आजीच्या डाळींच्या डब्यांवरसुद्धा नावं असतात. मला हे कसं सोसवेल? "अहो, पण सतारिये कोण?" असं मी कितीदा विचारलं. उत्तर ठरलेलं. "नाव नाय घेणार."

लोपीसबाई तरुणपणी सिनेमाच्या गाण्यांत कोरसमध्ये गायच्या. आता घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात आणि संध्याकाळी पार्किंगमधल्या मांजरांना मासळीची डोकी घालतात. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला मागून ऐकू येतो तो आरडाओरडा त्यांचाच. "सकीना! यमू! रोझी! ए दुसरी मेरी, कुठे उलथलीस गो?"

"दुसरी मेरी? मग पहिली कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"हाय ती. तिला भूक नाय."

सोसायटीने भिंतीवर पाटी लावली, मांजरांना खायला घालू नये. बाईंनी नेमकी त्या पाटीखाली ताटली मांडली. "त्यांना वाचता येत नाय," म्हणाल्या.

गेल्या महिन्यात क्लबहाऊसमध्ये जुन्या गाण्यांची संध्याकाळ ठरली. आमचे सेक्रेटरी मोकाशी आमंत्रण द्यायला आले तेव्हा मी बाईंकडेच बसले होते.

"आँटी, आठवणी सांगा. पण नावं घ्या हां, प्लीज. मांजरं नकोत. लोकांना कळायला नको का, कोण ते?"

"नाय घेणार."

"मग माईक नाही मिळणार."

"ठेव तुझ्याकडे. आमी माईकपासून लांबच उभ्या राहायचो."

मोकाशी गेले. बाई विळीवर बोंबील कापायला बसल्या. मी म्हटलं, "एवढा हट्ट कशाला? एक नाव घेतलं तर काय बिघडतं?"

"सुमनताई, ती चिंगीवाली चिंगीला कशी हाक मारायची ठाऊक हाय? मध ओतल्यासारखी. आणि मला? 'ए कोरस, जरा मागे हो.' किती वर्सं गायले तिच्या मागं. मांजराला नाव, मला नाय. मग मी पण ठरवलं."

"अजून राग आहे?"

"राग कसला गो? ती गायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. म्हणून तर मनाला लागलं."

कार्यक्रमाला बाई आल्या त्या जरीची लाल साडी नेसून. कोणीतरी चिंगीवालीचं गाणं म्हटलं, टाळ्या पडल्या. मोकाशींचं मन बहुधा विरघळलं असावं. त्यांनी माईक हातात घेतला. "आता दोन शब्द बोलतील आपल्या... आपल्या मांजरवाल्या आँटी!"

बाई स्टेजवर चढल्या आणि माईकपासून चांगल्या लांब, मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढे या, आँटी!"

"इथंच ठीक हाय." आवाज खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "आता या गाण्याच्या मागं 'हो... हो' हाय, ते ऐकलंत? नाय ऐकलंत. ते कोण गायलं ते सांगते. सकीना. यमू. रोझी. दुसरी मेरी."

सगळं क्लबहाऊस हसलं. पार्किंगमधली ती टोळी कोणाला ठाऊक नाही?

"आँटी," मोकाशी कळवळले, "म्हटलं होतं ना, मांजरं नकोत!"

"मांजरं नाय रे. बायका. गेल्या सगळ्या. एकीचं नाव कुठल्या रेकॉर्डवर नाय. तुझ्या पाटीखाली मी रोज घेते."

मोकाशींनी हातातला माईक खाली केला. सभेत मधेच बोलू नये, असं तुम्हाला मीच शिकवलं आहे. तरी मी तिसऱ्या रांगेत उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, "आणि पहिली मेरी?"

लोपीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला.

"हाय की," त्या म्हणाल्या. मग पुढे आल्या, मोकाशींच्या हातातून माईक घेतला, आणि ओठ टेकतील इतका जवळ धरून तो मागचा 'हो... हो' एकट्याने गायल्या.