दोनशे कोटी वर्षांचे मास्तर

आमच्या तेरमध्ये सदा मास्तरांना किती वाजले असं विचारलं, की ते आधी पृथ्वीचं वय सांगायचे. मग माणूस कधी आला ते. मग कलियुग किती सरलं ते. घड्याळाचा काटा सगळ्यात शेवटी. तोवर विचारणाऱ्याची येरमाळ्याची मोटार निघून गेलेली असायची, आणि मोटार चुकलेला तो बाबा तरीही हसत उभा. मला ते हसणं बघवायचं नाही. खोटं कशाला सांगू, नुसता जळफळाट व्हायचा.

कारण काळ सांगणं हा माझा धंदा. मी गावचा उपाध्या. कुठल्याही पूजेआधी आम्ही संकल्प सांगतो. ब्रह्मदेवाचं निम्मं आयुष्य सरलं इथून सुरुवात, मग कल्प, मन्वंतर, युग, मग गोदावरीचा दक्षिण काठ, मग साल, महिना, तिथी, असं उतरत उतरत यजमानाच्या गोत्रावर आणि नावावर येऊन थांबायचं. माझे वडील हेच सांगायचे, आजोबा हेच सांगायचे. आम्ही सांगत असताना यजमान पेंगतो, यजमानीण चुलीवरच्या दुधाकडं बघते, आणि बाकीची मंडळी शिऱ्याच्या पातेल्याकडं. गुरुजी, परत एकदा सांगा, असं मला उभ्या जन्मात कुणी म्हणलं नाही. आणि हा निजामी मदरशातला, म्हणजे सरकारी शाळेतला मास्तर, दिवसभर उर्दूतून शास्त्र शिकवून दमलेला, संध्याकाळी पारावर बसून तेच सांगायला लागला की माणसं ताटावरून उठून यायची.

रूप म्हणाल तर काय सांगावं. शेरवानीला वरचं बटण नाही, पायजमा घोट्याच्या वर, डोक्यावर काळी टोपी आणि खिशात खडू. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, एकटा जीव, भाड्याच्या खोलीत राहायचा. पण बोलायला लागला की हात असे हलायचे की बायकासुद्धा दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आता आता तर आलोय आपण." कुणाचा बैल मेला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाला तहसिलीतून हाकलून दिलं, सगळ्याला हेच औषध. आणि माणसं खरोखर हलकी होऊन घरी जायची. मी ग्रहशांत करतो, होम करतो, तरी माझ्याकडून कुणी असं हलकं होऊन गेलेलं मला आठवत नाही.

एकदा तर कहरच केला. आमच्या अंगणात माझ्या बायकोचं लुगडं वाळत होतं. मास्तर पंचांग मागायला आले आणि लुगड्यासमोरच थांबले. म्हणाले, वहिनी, ही समजा पृथ्वीची सगळी उमर. ह्या टोकाला नुसता तापलेला दगड. इतकं लुगडं जाईस्तोवर पाण्यात किडामुंगीसुद्धा नाही. मासे आले ते पार पलीकडं. आणि माणूस? त्यांनी पदराची शेवटची दशी चिमटीत धरली आणि तिचंही टोक दाखवलं. ही तोंडाला हात लावून बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, माझ्या एका मंत्राला तिनं कधी तोंडाला हात लावला नव्हता. वर चहा दिला. दुधाचा.

मदरशात फळ्यावर फसली, म्हणजे निजामाच्या सालाची तारीख लिहायचा सरकारी हुकूम होता. आजूर, दै, बहमन हे महिने पोरांना पाठ. मास्तर ती तारीख लिहायचेच, पण खाली शक, त्याखाली इसवी, आणि सगळ्यात वर कल्पाचा आकडा. उस्मानाबादेहून तपासणीला साहेब आले आणि त्यांनी वर्गाला आजची तारीख विचारली. पोरांनी ब्रह्मदेवापासून सुरू केलं. मला ही बातमी कळली तेव्हा बरं वाटलं. आता ह्यांची बदली परभणीला, असं मी घरी येऊन सांगूनसुद्धा टाकलं. पण साहेब म्हणे पोट धरून हसले, आणि जाताना मास्तरांच्या पाठीवर थाप मारून गेले. माझं नशीबच तसलं.

मग तो दिवस उजाडला. मास्तर इंग्रजी पुस्तक काखेत मारून धावत आमच्याकडं आले. विलायतेतल्या लोकांनी म्हणे दगड तपासून पृथ्वीचं वय काढलं होतं, सुमारे दोनशे कोटी वर्षं. त्यांनी माझं पंचांग ओढून घेतलं, पहिल्याच पानावर बोट ठेवलं. कल्प सुरू होऊन एकशे सत्त्याण्णव कोटी वर्षं झाली, असं तिथं छापलेलं. मास्तरांनी मला मिठीच मारली. मी म्हणलं, अहो, तीन कोटींचा फरक आहे की. तर म्हणतात, "तीन कोटी म्हणजे चहा प्यायचा वेळ, गुरुजी."

सगळ्या गावात बोभाटा झाला. मास्तरांनी शोध लावला! अरे, आकडा माझ्या पंचांगातला, माझ्या आजोबांपासून घरात असलेला. कोठी माझी आणि पंगत ह्यांची. बरं, माणूस इतका हट्टी, की पाटील पारावर म्हणाले, म्हणजे आपल्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं, तर त्यांनाही हे अडवणार. म्हणाले, दोन माणसं दोन वाटांनी एका विहिरीवर आली, म्हणून एकानं दुसऱ्याला वाट दाखवली असं होत नाही. दगडाचा हिशेब वेगळा, पुराणाचा वेगळा. पुराणात जग बुडतं आणि परत होतं, पुस्तकात तसं परत येणं कुठं सापडलं नाही. पुढं शास्त्रानं तो आकडा दुपटीच्याही वर नेला, आणि हे मला सांगायला मास्तर स्वतःच आले. मी पेढे वाटायचा तेवढा राहिलो.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची आहे. पाटलांच्या माळावर विहिरीला पाणी लागलं. पूजा ठरली, गाव जमलं, आणि त्याच सकाळी पाटलांची सून बाळंत झाली. घरात सोयर आलं म्हणल्यावर पाटलांना पाटावर बसता येईना. ते लांबूनच म्हणाले, मास्तरांस्नी बसवा की, गुरुजी. लगेच सगळे व्हय व्हय करायला लागले. म्हणजे आता पूजेतला मानही ह्यांनाच. मी आतून पेटलो, पण मग मनात आलं, बसू दे. यजमानानं बोलायचं नसतं. आज मी सांगणार आणि ही स्वारी गप बसून ऐकणार, अख्ख्या गावादेखत.

मास्तर नाही नाही म्हणत होते. लोकांनी धरून बसवलं. मी खणखणीत आवाजात संकल्प सुरू केला. कल्प झाला, मन्वंतर झालं, युग झालं, आणि खरंच हूं की चूं नाही. तिथीवर आलो आणि मोठ्यानं विचारलं, "गोत्र?"

मास्तर खाली बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत विचारलं. तेव्हा ते माझ्यापुरतं बोलले, "मला ठाऊक नाही, गुरुजी. साथीत सगळी गेली. अणदूरच्या एका वाण्यानं उचलून आणलं मला. मी कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं."

पळीतलं पाणी त्यांच्या हातावर तसंच होतं. दोनशे कोटी वर्षं सांगणारा माणूस, आणि आईबापापर्यंत मागं जायला त्याला वाट नव्हती. गाव वाट बघत होतं. गोत्र ठाऊक नसेल त्याला काश्यप म्हणायची रीत आहे. ते शास्त्राला धरून झालं असतं, पण काश्यप म्हणलं की त्याचा अर्थ तिथं बसलेल्या दहा जणांना तरी कळत होता. ह्याच माणसाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी किती दिवस टपलो होतो, आणि आता ते बंद झालेलं मला बघवेना.

मी म्हणलं, "भारद्वाज." आणि पुढं त्यांचं नाव जोडून, होता तेवढा आवाज काढून म्हणलं.

भारद्वाज माझं गोत्र. पाटलांचे म्हातारे चुलते मागून म्हणाले, म्हणजे मास्तर तुमच्याच भाऊबंदातले की. मी म्हणलं, व्हय, लांबचे. मास्तरांनी पाणी सोडलं, आणि पूजा संपेपर्यंत मान वर केली नाही.

ही बातमी आमच्या घरी माझ्या आधी पोचली. त्या दिवसापासून ही त्यांना भावजी म्हणायला लागली, आणि सणाला त्यांचा पाट माझ्या शेजारी पडायला लागला. पहिल्याच होळीला आम्ही दोघं जेवायला बसलो. मी तिच्या हाताकडं बघत होतो. तव्यावरची पहिली पोळी, टम्म फुगलेली, मास्तरांच्या पानात पडली. तूपही त्यांनाच आधी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड उघडायची सोय नव्हती. घरातल्या धाकट्याला आधी वाढायचं असतं.