पायविहिरीतला नाग

माणिकबापूंच्या पागोट्यात कांदा असायचा.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर म्हणाल, यात काय मोठंसं? उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून आमच्याकडे जो तो खिशात कांदा ठेवतो. कबूल. पण खिशात! बापूंचा कांदा पागोट्यात, बरोबर कपाळाच्या वर, राजानं शिरपेच खोचावा तसा खोचलेला असे. वैशाखापर्यंत त्याला हिरवा कोंब फुटे आणि बापू चालू लागले की तो तुऱ्यासारखा डुले. "आता तरी कांदा बदला बापू," असं कुणी म्हटलं की ते थांबत, डोकं मागे टाकत आणि म्हणत, "काहून? राजाचा तुरा कोनी बदलते काय?"

मी कारंज्याला मास्तर होऊन आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझी खोली पत्र्याची होती. चैत्रात त्या खोलीत पापड नुसता ठेवला तरी तो दुपारपर्यंत भाजून निघाला असता. सकाळची शाळा साडेदहाला सुटे. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत स्वतःचं काय करायचं, हा मोठाच प्रश्न. पहिल्याच आठवड्यात मी एका निंबाखाली पुस्तक घेऊन बसलो होतो. इतक्यात एक छत्री येऊन समोर थांबली. काळ्या छत्रीवर नीळ दिलेला पांढराशुभ्र अभ्रा होता. छत्रीखाली कांदा, आणि कांद्याखाली पंचावन्न-छप्पन वर्षांचे, भरघोस मिशांचे गृहस्थ.

"मास्तर, या वक्ताले येथी कायले बसले?"

"सावली आहे म्हणून."

"हे नऊची सावली होय. आता अकरा वाजले. शियी झाली हे." त्यांनी माझं पुस्तक मिटलं. "शियं अन्न खाते काय मानूस? उठा. चाला."

शिळ्या भाताबद्दल मी ऐकलं होतं. सावलीही शिळी होते हे त्या दिवशी कळलं.

बापू चांगल्या घरचे देशमुख. किन्हीराजा गावाकडे शेती, गावात भरलेलं घर, मुलं कर्ती झालेली. आठ महिने ते चारचौघांसारखे वागत. पण पाडवा उलटला की पांढरा अभ्रा चढे, कांदा खोचला जाई, वहाणांच्या आत वाळ्याच्या ओल्या चकत्या बसत आणि बापू गावभर राज्य करू लागत. त्यांच्यामागे सात-आठ रिकामी माणसं असायची: एक वैद्य, एक निवृत्त पटवारी, एका वकिलाकडचे गुलाब मुन्शी, रजेवर नसूनही रजेवर असल्यासारखे वागणारे एक हवालदार. या मंडळींना गाव सावलीसभा म्हणे. त्या दिवसापासून मी त्यांचा सगळ्यात धाकटा सभासद झालो.

त्यांनी मला कारंजं दाखवलं ते असं. सुटीच्या दिवशी सकाळी दारव्हा वेशीची कमान, कारण तिथे वारा वाट चुकल्यासारखा आत-बाहेर करतो. मग कुंभाराचा मांडव. ओल्या मडक्यांच्या रांगेमागे बसलं की पाठीला माघ महिना लागतो. अकराला कापडवाल्या शेटजींची गादी. दारात वाळ्याचा पडदा, त्यावर दर घटकेला पाणी, आणि आत आम्ही आठ जण एका उपरण्याचा भाव विचारत तास काढायचो. साडेतीनला स्टेशन. तिथे गाडीचं इंजिन पाणी पिऊन गेलं की टाकीखालची जमीन भिजलेली असे. त्या चिखलाच्या कडेला बापू आम्हाला मानाप्रमाणे बसवत आणि बजावत, "उन्हायाले भ्याचं नसते, मास्तर. त्याले चकवाचं असते."

मधली वेळ राहिली. बारा ते तीन. त्या वेळी सभा जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, भरे. कापसाचा हंगाम संपून जीन बंद पडलेलं असायचं आणि यंत्रांखालची दगडी गल्ली भुयारासारखी गार असायची. बापू आम्हाला तिथे उतरवत, स्वतःच्या हातानं पत्ते पिसून वाटत आणि कायदा सांगत, "तीन वाजेलोक कोनी हलाचं नाही. मधात उठला त्याले उद्या सभेत जागा नाही." एवढं बोलून ते स्वतः मात्र निघून जात.

कुठे? कुणालाच माहीत नव्हतं.

पण त्याआधी दुपट्ट्याचं सांगायला हवं. उन्हात कानशिलं झाकायला सगळेच दुपट्टा बांधतात, जाडाभरडा, पांढरा. बापूंचा दुपट्टा मलमलीचा, आणि त्याचा रंग असा, की गावातल्या नव्या नवरीनंही नेसण्याआधी सासूला विचारावं. मी येण्याआधीच्या साली मोरपंखी होता म्हणे. त्याआधी कैरीसारखा पोपटी. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात गुलाबी. जाड भिवया, राठ मिशा, कपाळावर कांदा आणि गळ्यात गुलाबी मलमल! पोरं तर हसतच, पण बैलही वळून बघत. दुपट्टा निवडायची त्यांची तऱ्हाही न्यारी. तीन रंगांचे तीन तागे पसंतीला म्हणून घरी न्यायचे, एक रात्र ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन परत आणायचे.

"बापू, रात्रभर कुणाला दाखवता?" शेटजींनी एकदा विचारलं.

"देवाले. देवाच्या पसंतीबिगर आपुन काही घालत नाही."

"देव गुलाबी म्हणाला?"

"देवाची मर्जी, शेटजी. आपुन कोन बोलनारे?"

तर हा दुपट्टा बारा वाजता जिनातून कोरडा जायचा आणि तीन वाजता पिळून काढल्यासारखा ओला परत यायचा. शिवाय जाताना बापूंच्या हातात पिवळ्या गोड खिरण्यांचा द्रोण असे. येताना नसे. मुन्शींना खरं दुःख त्या द्रोणाचं होतं.

"एवढ्या खिरन्या एकटा बुढा खाते?" पत्ते टाकत ते म्हणत. "आपल्याले एक बी देत नाही."

वैद्यांचं मत, बापूंनी दुसरं घर केलं असावं. हवालदारांना मोहाच्या दारूचा वास येत होता, पण तो त्यांना कशातही येई. मुन्शी मात्र वकिलाच्या हाताखालचे. त्यांनी पुरावा मांडला. "दुपट्टा वला. म्हंजे पानी. पानी म्हंजे गारवा. आपल्याले या पाच चिल्लर जागा देल्ल्या अन् खरी गार जागा बुढ्यानं सोतासाठी दाबून ठेवली! मास्तर, तुमी तरने हा. जा त्याच्या मागं. जागा सापडली की उद्या सारी सभा तेथी."

सभेत माझं स्थान शेवटचं होतं, टाकीखाली चिखलाच्या अगदी कडेचं. वर सरकायची ही संधी होती. दुसऱ्या दिवशी बापू निघाले आणि थोड्या वेळानं मी.

कारंजं त्या वेळी इतकं निर्मनुष्य होतं की माझ्या वहाणांचा आवाज मलाच दटावत होता. पांढरी छत्री पेठ ओलांडून पार दुसऱ्या टोकाला गेली, बापूंच्या स्वतःच्या घरामागे वळली आणि आमराईत शिरली. मी थबकलो. या आमराईत एक जुनी पायविहीर होती. दगडी पायऱ्या, तळाशी ओवरी, बारमाही पाणी. एके काळी अर्धं गाव दुपारी तिथेच लोळायचं. पण सात-आठ वर्षांपूर्वी तिथे नाग निघाला. साधासुधा नाही, फण्यावर केस असलेला, जुना. तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. नाग कुणी पाहिला होता? बापूंनी. एकट्या बापूंनी.

मी वाट सोडून बाजूच्या आंब्याच्या बुंध्याआड उभा राहून खाली पाहिलं.

बापू सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. पागोटं बाजूला, कांदा पागोट्यावर. विहिरीकडे त्यांची पाठ होती आणि पळसाचं पान हलवत ते आमराईच्या वाटेवर नजर ठेवून होते. अगदी खाली, शेवटच्या पायरीवर, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात पाय सोडून एक म्हातारी बाई बसली होती. पांढरं लुगडं, हात मोकळे, कपाळ मोकळं. डोक्यावरून खांद्यापर्यंत तिनं तो गुलाबी दुपट्टा घेतला होता. मांडीवर खिरण्या होत्या. एकेक खाऊन ती बी नेम धरून बापूंच्या पाठीवर मारत होती.

"माणक्या," ती म्हणाली, "हा रंग माह्या तोंडाले नाही शोभत रे. पुढल्या साली अबोली आन."

"बाई, जरा हयू. कोनी आइकन."

"कोन आइकते येथी? तुहा नाग?" आणि ती हसली. त्या दगडी विहिरीत हसू घुमून वर आलं, माझ्यापर्यंत.

ज्या माणसाला गावात कुणी अरे म्हणत नव्हतं, त्याला माणक्या म्हणणारं कुणीतरी होतं. मी मागे सरलो आणि नेमका वाळल्या पाचोळ्यावर पाय पडला.

बापू उठले. वर आले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते उभे राहिले. डोक्यावर कांदा नसलेले बापू मी प्रथमच पाहत होतो, आणि ते फार म्हातारे दिसत होते.

"मोठी बहीन होय," ते हळू म्हणाले. "बारा वर्साची होती तवा कुकू गेलं. तवापासून चूल अन् देवघर. आमच्या घरातली विधवा उंबऱ्याभाईर दिसत नसते, मास्तर. एक दिवस कुरडया घालता घालता म्हने, माणक्या, लहानपनी पान्यात पाय सोडून बसो, तसं एकडाव बसू दे मले. मांगच्या दारानं आनली. एकडाव म्हनून आनली, आठ उन्हाये झाले. घरच्याले वाटते, कोठडीत जप करून राह्यली." त्यांनी वाटेकडे नजर टाकली. "गावाले समजलं त मले काही होत नाही. तिचं दार बंद होईन."

विहिरीतून हाक आली, "माणक्या, कोन हाय रे?"

बापू माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, नाग पाह्यला?"

"पाहिला," मी म्हणालो. "फार मोठा आहे. इकडे कुणी येऊ नये."

जिनात परतलो तेव्हा सभा पत्ते टाकून माझी वाट पाहत होती. मी पायरीवरच मटकन बसलो. घाम येतच होता, तो कामी आला. "पाणी," मी म्हणालो. मग पाणी पिऊन मी त्या नागाची गोष्ट सांगितली. फण्यावरचे केस सांगितले, त्याचा फुत्कार करून दाखवला, तो माझ्या मागे बारा आंब्यांची झाडं ओलांडून कसा धावला ते धावून दाखवलं. मुन्शींनी पाय वर घेतले. हवालदारांनी मोहाचा वास आल्याचं मागे घेतलं.

"मंग बुढा रोज तेथी काय करते?" मुन्शींनी तरीही विचारलं.

"नागाला भिजवलेला दुपट्टा पांघरतात आणि खिरण्या वाहतात," मी म्हणालो. "म्हणून तर तो गावात येत नाही."

सभेनं आमराईच्या दिशेनं हात जोडले. नंतर पटवारी म्हणाले, "म्हंजे आपल्यासाठीच करून राह्यला बिचारा." त्या संध्याकाळी टाकीखाली मला बापूंच्या शेजारची जागा मिळाली.

लोक आज मला विचारतात, मास्तर, गोष्टी सांगायला तुम्ही शिकलात कुठे? मी काहीबाही उत्तर देतो. खरं उत्तर, जिनात. रोज बारा ते तीन आठ माणसांना जागचं हलू द्यायचं नाही, तर पत्ते किती दिवस पुरणार?

पुढच्या साली अबोली आला. सगळं गाव हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. त्याच्या पुढच्या साली मोतिया. तीन उन्हाळे मी त्या नागाला पोसलं. त्याला नागीण आणली, पिल्लं दिली, एकदा त्याच्याकडून गावची आगही विझवून घेतली.

चौथ्या पाडव्याला बापू शेटजींच्या गादीवर आले आणि त्यांनी एकच दुपट्टा घेतला. पांढरा. पसंतीला घरी नेला नाही. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे पाहिलं.

बारा वाजता बापू आम्हाला घेऊन निघाले, पण जिनाकडे नाही.

"बापू, इकडं कोठी?" मुन्शी घाबरले. "इकडं थो नाग!"

"आता नाही तेथी नाग," बापू म्हणाले. "संक्रातीच्या मागंपुढं गेला. चाला."

पायविहीर पाहून सभा वेडी झाली. वैद्य धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. हवालदार ओवरीत आडवे झाले. "च्यामायबीन, हे सोडून आपुन जिनात बसो!" असं म्हणत मुन्शींनी शेवटच्या पायरीवर पाय सोडले, आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, नाग गेला कोठी पन? त्याची नागीन? पिल्लं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पायरीवरची खिरणीची एक वाळली बी उचलून खिशात टाकली.

बापू वर होते, वरच्याच पायरीवर, पाण्याकडे पाठ करून. हातात पळसाचं पान.

"बापू, खालती या न," पटवाऱ्यांनी हाक मारली. "लय गार हाय पानी!"

"बसा तुमी," बापू म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "मी येथीच बरा. कोनी आलं त दिसते."