पाहुण्यांकडे पाठ

ढोल्याचा एकच अवगुण होता. माणूस दारात दिसला की त्याला आनंदाचं भरतं यायचं आणि तो पुढचे दोन्ही पाय त्या माणसाच्या छातीवर ठेवायचा. कुत्रा अंगापिंडानं दांडगा, त्यामुळे हा आनंद बहुतेकांना झेपत नसे. टपालवाला हल्ली पत्रं जिन्यातच टाकून पळायचा.

ढोल्याचे मालक लिफ्टतपासनीस होते. नियम मोडला की माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांनी नियम सांगितला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

"तुम्ही त्याला ढकलता, ओरडता," डॉक्टर म्हणाले. "त्याला वाटतं, वा, काय लाड चाललेत! यापुढे अंगावर आला की सगळ्यांनी पाठ फिरवायची. हाताची घडी, नजर छताकडे, तोंडातून अवाक्षर नाही. खाली बसला की मात्र तोंडभर कौतुक आणि लगेच बिस्कीट. एकानं जरी नियम मोडला, तरी सगळी मेहनत पाण्यात."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांसमोरच तर खरी परीक्षा!"

तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून कितीतरी वेळा छताकडे बघू लागलं. लेक ज्याच्याशी लग्न करणार होती, तो मुलगा येऊन-जाऊन असायचा. तोही यात तरबेज झाला. ढोल्याचे पाय मात्र अजून वरच होते.

अशात मुलाच्या आईवडिलांनी त्याच्यासोबत पहिल्यांदाच घरी यायचं ठरलं.

"बाबा, त्याचे वडील फार मानी आहेत हं," लेक म्हणाली. "एकदा कुणी त्यांना बसायला खुर्ची दिली नाही, तर त्या घराशी त्यांनी कायमचं बोलणं टाकलंय. त्यांचं मन मोडून हा लग्न करणार नाही. प्लीज, ढोल्याला आतल्या खोलीत ठेवा."

तिचा रडवेला चेहरा बघून तपासनीस लगेच कबूल झाले. "ठेवतो गं," ते म्हणाले.

आणि ठेवलंही. पण बेल वाजली नेमकी त्याच वेळी लेकीची आई आतल्या खोलीतून ठेवणीतले पेले घेऊन बाहेर येत होती. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे दार लोटायचं राहिलं. तपासनीसांनी पुढचं दार उघडलं. "या, या!" म्हणेपर्यंत ढोल्या पाहुण्यांच्या, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या, छातीवर पोचलासुद्धा.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. अंगवळणी पडलं होतं, ते आपसूक घडलं. तपासनीसांनी पाठ फिरवली, लेकीनं फिरवली, आईनं पेल्यांसकट फिरवली. सगळ्यांच्या नजरा छताला भिडल्या.

"नमस्कार," पाहुणे म्हणाले.

छताकडच्या माना तशाच राहिल्या.

"अहो, आम्ही आलोय!"

पाहुण्यांनी गोंधळून छताकडे पाहिलं. त्यांच्या पत्नीनंही पाहिलं. वर पंख्याखेरीज काही नव्हतं. शेवटी त्यांनी आधारासाठी मुलाकडे बघितलं, तर तोही हाताची घडी घालून भिंतीकडे तोंड करून उभा!

"अरे, तू पण?"

"बाबा, बोला ना काहीतरी," लेक दातांतल्या दातांत म्हणाली.

बोलावं तर कुत्रा बिघडतो, न बोलावं तर लग्न मोडतं. तपासनीस जन्मात पहिल्यांदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते.

"चला हो!" पाहुणे पत्नीवर कडाडले. "असा अपमान कुणी केला नव्हता!" त्यांनी ढोल्याला झटकलं, गर्रकन पाठ फिरवली, हातांची घट्ट घडी घातली आणि रागानं मान वर केली.

आता एकही तोंड आपल्याकडे नाही, हे ढोल्यानं पाहिलं. त्यानं थोडा विचार केला आणि तो पाहुण्यांच्या पायाशी मुकाट्यानं बसला.

"शाब्बास!" तपासनीस ओरडले. क्षणात सगळं घर पाहुण्यांच्या दिशेनं धावलं. "गुणाचा रे माझा!" "किती शहाणा!" "जमलं की हो, जमलं!" आईच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

पाहुण्यांनी वळून पाहिलं. माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती, पोटचा मुलगा कौतुकानं बघत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि तिथे भांबावलेलं हसू आलं. इतकं कौतुक त्यांना नोकरीतून निवृत्त होतानाही मिळालं नव्हतं.

"अहो, पुरे, पुरे," ते लाजून म्हणाले आणि तपासनीसांनी खाली धरलेलं बिस्कीट त्यांनी मानानं उचलून तोंडात टाकलं.

सगळे बघतच राहिले. ढोल्यानंही मान तिरकी करून पाहिलं.

"चांगलं आहे. साखर बेताची दिसते," पाहुणे म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. कुणाशीही खरं बोलायचं, हाही एक नियम होता. तपासनीसांनी लेकीकडे पाहिलं, नियम गिळला आणि ढोल्याला गुपचूप दुसरं बिस्कीट दिलं.

त्याच बैठकीत लग्न ठरलं. निघताना मुलाच्या आई दाराशी मागे रेंगाळल्या. त्या आल्यापासून फारसं बोलल्या नव्हत्या, पण बिस्किटांच्या डब्यावरचं कुत्र्याचं चित्र त्यांनी केव्हाच बघून ठेवलं होतं.

"विहीणबाई, एक विचारायचं राहिलंच," त्या हळूच म्हणाल्या, "ही बिस्किटं मिळतात कुठे?"

"अय्या, तुमच्याकडे पण कुत्रा आहे?" लेकीच्या आईनं विचारलं.

त्यांनी जिना उतरणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"छे हो, कुत्रा कुठला!" त्या म्हणाल्या. "पण पाठ फिरवल्यावर इतक्या लवकर शांत होतात, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं."