कासमभाईंची वरची पट्टी

कासमभाई भिंत चाटून बघत. खरोखरची, जिभेने. बहारीनमध्ये, आमच्या मनामाच्या कंपनीत ते रंगकामाचे फोरमन होते, आणि नव्या जागी गेले की आसपास कोण आहे हे न बघता भिंतीला जिभेचं टोक लावत. "डिस्टेंपर. मफी," असा निकाल लागायचा. मफी म्हणजे नाही, बाद. भिंत चुन्याची निघाली तर मात्र गाववाला भेटल्यासारखा चेहरा खुलायचा. एकदा त्यांनी एका बँकेचा खांब चाटला आणि वॉचमनची समजूत घालताना मला घाम फुटला. मी चिपळूणचा, ऑफिसात क्लार्क, ते दापोलीकडचे. त्यामुळे त्यांची जीभ निस्तरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

ही गोष्ट नव्वदनंतरची. तोवर सगळीकडे प्लास्टिक पेंट आला होता. कासमभाई साठीला टेकले होते, जानेवारीत त्यांचा व्हिसा संपत होता, आणि तो वाढेल असं कुणालाच वाटत नव्हतं. नेमकं तेव्हाच आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, दक्षिण स्पेनमधल्या एका डोंगरावरच्या गावात घर घेतलं. तिथे म्हणे सगळी घरं चुन्याने पांढरी. अरबाबने आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, रविवारी जा, मी शुक्रवारी कुटुंबासह येतो. घर तयार दिसलं तर कासमला आणखी दोन वर्षं. नाही दिसलं तर खलास.

मला कागदपत्रांसाठी पाठवलं होतं. मी पोचल्यापासून तास मोजत होतो. कासमभाईंनी पहिल्याच वळणावर एका घराला जीभ लावली. दारात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी उभी होती. तिने छातीवर क्रूस काढला आणि दार लावून घेतलं. तीच आमची शेजारीण निघाली.

"चुना हाय, भाऊ. अख्खा गाव चुन्याचा हाय," कासमभाई म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला पोलीस दिसत होते.

बुधवारपर्यंत त्यांनी जिवाच्या आकांताने काम केलं. गुरुवारी फक्त दर्शनी भिंतीचा दुसरा हात राहिला होता. सकाळी मी पाव आणायला गेलो आणि परत येतो तो आमची शिडी जागेवर नाही. ती म्हातारीच्या भिंतीला लागली होती, वर कासमभाई. म्हातारी खाली उभी राहून बोट दाखवत होती. आपली भिंत तिने स्वतःच रंगवली होती, बांबूला ब्रश बांधून, पण कौलांखालची हातभर पट्टी काळीच राहिली होती.

माझा तोल गेला. आकाश भरून आलं होतं आणि ओल्या चुन्यावर पाऊस म्हणजे सगळंच मुसळ केरात. मी खालून वाट्टेल ते बोललो. नोकरी स्वतःची घालवताय, वर माझीही घालवाल, असंही म्हणालो. कासमभाई सावकाश खाली आले आणि खिशातून एक फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. कोकणातलं घर, पुढची भिंत पांढरीशुभ्र, आणि वर कौलांखाली काळी पट्टी.

"वीस वर्षां हाच फोटो येतोय. बायको खतिजा एकटी रंगवते, तिचा हात पोचत नाय. मजूर लावू देत नाय. आन मना रजा मिलते ती ऐन पावसात. पावसात चुना धरत नाय."

एवढं बोलून ते पुन्हा वर चढले. मी शिडी धरली.

शुक्रवारी अरबाब आला तेव्हा आमची अर्धी भिंत एकाच हाताची होती. मी शिडी मोडल्याची थाप तयार ठेवली होती. कासमभाईंनी मोडक्या अरबीत खरं तेच सांगितलं. अरबाब बराच वेळ दोन्ही भिंती बघत राहिला. मग तो म्हणाला, उद्या पूर्ण कर. आणि मला म्हणाला, दोन वर्षांचा फॉर्म भर.

डिसेंबरात मी रजेवर निघालो. कासमभाईंनी माझ्या बॅगेत एक काठी कोंबली: तीन तुकडे, एकात एक बसणारे, टोकाला ब्रश. म्हातारीचा बांबू बघून स्वतः बनवलेली. दापोलीला नेऊन दे म्हणाले.

नेऊन दिली. खतिजाभाभींनी तुकडे जोडले, काठी भिंतीला लावून बघितली. बरोबर पट्टीपर्यंत पोचली. मग त्यांनी ती पुन्हा सोडवली आणि दारामागे ठेवून दिली.

"घरात शिडी हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोचायला काय झालंय? लग्न झालं तवा दोघांनी मिलून रंगवलं. खालची भिंत मी, वरची पट्टी त्यांनी. ती त्यांची हाय. मी कशाला हात लावू?"

बहारीनला परतल्यावर मी हे जसंच्या तसं सांगितलं. माझ्या टेबलावर त्यांचा फॉर्म सहीसाठी पडला होता. कासमभाईंनी तो उचलला, उलटसुलट बघितला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मफी," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "शिडी बघितलीस काय तू? लाकडाची हाय. वालवी लागली असेल काय?"

मी बघितली नव्हती.

"मग लवकर जायला पायजे," कासमभाई म्हणाले.