आबांची नळी ठरल्याप्रमाणे निघाली

शिरूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक पांढरा फलक आहे. हॉस्पिटलचं नाव इथे देत नाही. हायवेवरून जाताना ते कुणालाही वाचता येतं. फलकावर लिहिलं आहे, 'नळी अनियोजित निघाल्याविना गेलेले दिवस', आणि त्यापुढे मार्करने आकडा. रुग्णाच्या घशातली, नाकातली किंवा लघवीची नळी डॉक्टरांनी काढली तर ती नियोजित. रुग्णाने स्वतःच उपसली तर अनियोजित, आणि मग आकडा पुसून शून्य लिहायचं. त्या मंगळवारी आकडा तीनशे त्रेसष्ट होता. गुरुवारी वर्ष पुरं होणार म्हणून सत्कार ठरला होता, फ्लेक्स छापून आला होता आणि पेढ्यांची ऑर्डरही गेली होती.

वर्षभर नळ्या जागच्या जागी कशा राहिल्या, यात रहस्य काही नव्हतं. रुग्णांचे हात खाटेला बांधलेले असत. कागदोपत्री याला 'सुरक्षा पट्टी' म्हणत. सहा खाटांना अफरीन नावाची एकच सिस्टर होती. त्यामुळे एकूण बारा हात बांधावे लागत आणि दोनच मोकळे ठेवावे लागत, ते तिचे.

चौथ्या खाटेवर संपत आबा होते. वय त्र्याहत्तर, गावच्या सोसायटीचे तीन वेळा चेअरमन. आवाज असा की सभेत त्यांना माइक लागत नसे. न्यूमोनियाने आत आले, घशात श्वासाची नळी पडली, व्हेंटिलेटर लागला. नवव्या दिवशी ताप उतरला आणि आबा आपला श्वास आपण घेऊ लागले. अफरीनने तसं फाइलमध्ये दोनदा लिहिलं. पण घशातली नळी काढायचा निर्णय छातीच्या मोठ्या डॉक्टरांचा, आणि ते पुण्याहून फक्त गुरुवारी येत. आबांची फुफ्फुसं रविवारीच बरी झाली होती. वार न बघता बरं होणं ही त्यांची पहिली चूक.

दुसरी चूक मंगळवारी भेटीच्या वेळेत झाली. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की गाव बघायला येतं, आणि कोण आलं नाही हे पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवलं जातं. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. त्यामुळे विरोधी पॅनेलचे जयसिंगराव स्वतः आले, मोबाइलवाला कार्यकर्ता घेऊन. खाटेशी उभं राहून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आबांना रामराम घातला.

आबांनी पन्नास वर्षांत कुणाचा रामराम घ्यायचा ठेवला नव्हता. त्यांनी हात ओढले, खाट वाजली. मोबाइल वर धरलेला होता. आबांचा मुलगा दत्ता शेजारीच होता. आबांनी रामराम घेतला नाही, ही बातमी दुपारच्या जेवणाआधी गावात पोचली असती. सिस्टर सहाव्या खाटेवर अडकलेली पाहून दत्ताने दोन्ही पट्ट्या सोडल्या. आबांनी हात जोडले. फोटो निघाला. मग तेच हात वर गेले आणि नळी बाहेर आली.

आबा दोनदा खोकले, श्वास सावरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जयसिंगराव, बसा. च्या घ्या."

अफरीन धावत आली. ऑक्सिजन मोजला तर शहाण्णव. ड्यूटी डॉक्टरांनी छाती तपासली आणि आबा उत्तम आहेत असं तोंडी सांगितलं. लेखी सांगायला ते तयार नव्हते. अफरीनने घड्याळ पाहिलं आणि चार्टवर लिहिलं: ११.२०, रुग्णाने नळी काढली, श्वास व्यवस्थित.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुख साधना मॅडम यांनी तातडीची बैठक बोलावली. निघालेली नळी नियोजित ठरवावी, अशी पहिली सूचना आली. पण त्या फॉर्मवर मोठ्या डॉक्टरांची समक्ष सही लागते आणि ते गुरुवारी येणार. अनियोजित ठरवावी, तर तसा फ्लेक्स छापलेला नव्हता. साऱ्या कागदपत्रांशी जुळणारी एकच गोष्ट उरत होती: नळी निघालेलीच नाही.

"मॅडम, नळी ट्रेमधी पडलीय," अफरीन म्हणाली.

ट्रेमध्ये असते ती वापरलेली सामग्री, आणि वापरलेल्या सामग्रीचा विभाग वेगळा, असं मॅडमनी तिला शांतपणे समजावलं. चार्टवरची ओळ खोडली नाही तर मेमो मिळेल, हेही सांगितलं. अफरीनने ओळ खोडली नाही.

त्या क्षणापासून आबांची शुश्रूषा नळी असलेल्या रुग्णासारखी सुरू झाली. नळी असताना तोंडाने काही देत नाहीत, म्हणून चहा बंद. व्हेंटिलेटर कुणालाच जोडलेला नसल्याने सारखा कोकलत होता, त्याचा आवाज बंद केला. हात पुन्हा बांधले. आबा चहा मागत राहिले. नळी असलेला रुग्ण बोलत नाही, म्हणून त्यांच्याकडे लक्ष द्यायचं कारण नव्हतं.

बुधवारी नवी अडचण ध्यानात आली. गुरुवारी सत्काराला पाहुण्यांसमोर मोठे डॉक्टर आबांची नळी काढणार होते, पण घशात नळीच नसेल तर ते काढणार काय? तेव्हा भूल देऊन नळी परत घालायची असं ठरलं. याला 'पुनर्स्थापना' असं नाव दिलं आणि सात पानी संमतिपत्र तयार झालं.

"मला इचारा की," आबा म्हणाले. "नरडं माझं हाय."

"आबा, रेकॉर्डप्रमाणे तुमच्या घशात आत्ता नळी आहे," साधना मॅडम आदराने म्हणाल्या. "नळी असलेल्या रुग्णाचं तोंडी म्हणणं धरता येत नाही. नातेवाइकांची सही लागते."

आबांनी दत्ताकडे पाहिलं. "दत्ता, म्या धड हाय. सही करू नगंस."

"दत्ताभाऊ, त्यांना नळीची गरज न्हाई," अफरीन म्हणाली. "निदान वाचा तरी."

दत्ताने पहिलं पान पाहिलं, दुसरं उलटलं. हे रूटीन आहे, असं त्याला सांगण्यात आलं. गुरुवारच्या व्यासपीठावर खुर्ची आबांचीच, हेही सांगण्यात आलं, आणि रविवारी मतदान होतं. "आबा, त्यांना आपल्यापरीस जास्त कळतंय," असं म्हणून पेन्सिलीने फुली केलेल्या प्रत्येक ठिकाणी त्याने सही केली. मला दत्ताचा राग येतो. बापाच्या बोलण्यापेक्षा त्याला पेन्सिलीची फुली खरी वाटली.

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या डॉक्टरांनी आबांची नळी नियोजनपूर्वक काढली. टाळ्या झाल्या. मार्करने तीनशे पासष्ट लिहिलं गेलं. शाल अंगावर पडल्यावर आबांनी बोलायला तोंड उघडलं, पण आतून नुसती हवा आली. दोनदा नळी गेल्याने स्वरतंतू सुजले होते. आवाज येईल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अजून तरी आलेला नाही. रविवारी आबांचं पॅनेल निवडून आलं आणि पहिल्या सभेत आबा माइकसमोर गप्प बसून राहिले. अफरीनला मेमो मिळाला. त्यात कारण लिहिलं होतं, 'दिवस ३६३ रोजी न घडलेल्या घटनेची नोंद केल्याबद्दल'.

सत्काराचा फोटो हॉस्पिटलने मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. फोटोसाठी आबांचे हात सोडले होते आणि त्यांनी ते सवयीने जोडले होते. अफरीनने त्याच्याखाली एवढंच लिहिलं: आबांची नळी मंगळवारीच निघाली होती, परत घातली तेव्हा ते नको म्हणत होते. तिच्या त्या ओळीखाली शिरूर, वरवंड, दौंड असं सगळीकडून जोडलेल्या हातांचं चित्र येत राहिलं, एकामागून एक, दोनशेच्या वर.

त्यात एक तुमचंही असेल. वरचं न वाचता टाकलेलं. तुमचे हात तर कुणी बांधलेले नव्हते.