सायलेन्सरची परमिशन

शेजारच्या केवलरामसाठी ओतलेला चहा आजही कपातच थंड झाला, तेव्हा देवाजींनी एअरगन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"केवलराम रुसला," ते हळूच म्हणाले. देवाजींचं हळू बोलणंही दोन घरं पलीकडे ऐकू जाई. सारी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये यंत्रांच्या वर आवाज चढवण्यात गेलेली.

"रुसन नाई तं काय!" कौशल्याबाई कप उचलत म्हणाल्या. "त्याची नाईट चालू हाय. तुमच्या बंदुकीनं झोप मोडते त्याची. त्याची निशा भिंतीवरून बोलली ते सांगतलंच ना तुमाले."

हे देवाजींच्या फार जिव्हारी लागलं होतं. भिलाईत बाकी कशालाही माफी मिळेल, पण नाईट करून आलेल्या माणसाची झोप मोडणाऱ्याला नाही. रिसाली भागातल्या त्यांच्या गल्लीत भाजीवालासुद्धा कोणाची कोणती शिफ्ट ते बघून हाळी देतो. त्यातून केवलराम म्हणजे देवाजींच्या कोक ओव्हनच्या, म्हणजे प्लांटमधल्या कोळशाच्या भट्ट्यांच्या, गोष्टी रोज ऐकणारा शेवटचा माणूस. घरच्यांनी केव्हाच हात टेकले होते. तो तुटला तर संध्याकाळी बोलायचं कोणाशी, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

इकडे बंदूक बंद पडताच वानरांचं फावलं. देवाजींनी कधी वानराच्या केसालाही धक्का लावला नव्हता. छर्रा न भरता नुसता फट्ट आवाज काढत, की टोळी पसार. आता तीच टोळी अंगणातल्या पेरूच्या झाडावर पंगत मांडून बसली. झाड वाचवायचं तर केवलराम जातो, केवलराम वाचवायचा तर झाड जातं. अशा पेचात असताना टीव्हीवरच्या एका गुंडानं बंदुकीच्या तोंडावर नळी बसवली आणि अगदी गुपचूप गोळी झाडली. देवाजी खुर्चीतून उठलेच.

"सायलेन्सर! केवलरामले पत्ताच नाई लागणार."

"तसं मिळते का कोणाले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"परमिशन घेतली का सगळं मिळते."

देवाजी सेफ्टी डिपार्टमेंटचे. परमिटवर सही झाल्याशिवाय त्यांनी प्लांटमध्ये कोणाला शिडीला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते एअरगनचं बिल आणि आधार कार्ड घेऊन जवळच्या दुर्ग शहरातल्या बंदुकीच्या दुकानात हजर झाले. दुकानदारानं आधी आजूबाजूला पाहिलं.

"चाचा, ये आम आदमी को नहीं मिलता. बेचूँगा तो मैं अंदर, लोगे तो आप अंदर."

"और परमिशन लाया तो?"

"तो थाने में पूछ लो," दुकानदारानं ब्याद टाळली.

पण देवाजींना तेवढं पुरे होतं. ते तडक पोलीस ठाण्यात गेले आणि अर्ज ठाणेदारांपुढे ठेवला. विषय: बंदुकीला सायलेन्सर बसवण्याची अनुमती. कारण: शेजारी केवलराम यांना पत्ता लागू नये.

ठाणेदारांनी अर्ज दोनदा वाचला. "किसको मारना है?"

"किसी को नहीं साब. मैं तो कानून से लेना चाहता हूँ."

"ये केवलराम अभी कहाँ है?"

"घर पे. सोया होगा."

ठाणेदार ताडकन उठले. देवाजींना वाटलं, काय तत्पर खातं आहे, लगेच पाहणीला निघाले!

भर दुपारी सायरन वाजवत जीप देवाजींसह गल्लीत शिरली. ज्याची झोप मोडू नये म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याच दारावर दोन शिपाई दणादणा हात मारू लागले. सगळी गल्ली गोळा झाली. केवलराम बनियनवर डोळे चोळत बाहेर आला आणि मागून त्याची बायको निशा. पोलीस बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ठीक हो ना?" ठाणेदारांनी विचारलं.

"अभी तक तो ठीक था," केवलराम म्हणाला.

देवाजींनी घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. ठाणेदारांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"चाचा, बंदूक चलाते किसलिए हो?"

"आवाज करने के लिए. उसके बिना बंदर भागते नहीं."

"और सायलेन्सर किसलिए?"

"आवाज..." देवाजींनी जीभ चावली. उभ्या नोकरीत इतक्या परमिटांवर सह्या केल्या, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गल्ली हसली. शिपाईही हसले.

"पण भाऊ," केवलराम म्हणाला, "मले तुमच्या बंदुकीचा कायचा तरास? मी रोलिंग मिलचा माणूस. आवाज बंद पडला का मले जाग येते. तुमी बार बंद केले तवापासून वानरं माह्या टिनाच्या छपरावर नाचून राहिले!"

"मंग चहाले कावून नाई आला बाप्पा?" देवाजींचा आवाज प्रथमच खरोखर हळू झाला.

केवलरामनं निशाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "वानरांले पोळ्या हीच टाकते, भाऊ. मारुतीच्या नावानं. पेरू मात्र तुमचे जाते. कोणत्या तोंडानं येऊ?"

"बार झाला का मारुतीराया उपाशी पळते," निशा पदराशी चाळा करत म्हणाली. "मनून मी यांच्या झोपेचं नाव पुढं केलं, भाऊजी. चुकलंच माहं."

ठाणेदारांनी अर्ज फाडला, पुढल्या शनिवारपासून पोळ्या मैदानापलीकडच्या मारुतीजवळ टाकायला सांगितल्या आणि जीप फिरवली.

संध्याकाळी केवलराम चहाला आला. देवाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी कोक ओव्हनची सगळ्यात लांब गोष्ट काढली. ती रंगात येईतो केवलरामची मान खुर्चीवर कलली. दुपारची मोडलेली झोप ती. देवाजींनी पाहिलं, आणि गोष्ट अर्ध्यावर टाकून ते चिडीचूप बसले. इतकी शांतता का, म्हणून कौशल्याबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

"बसलं बाई एकदाचं सायलेन्सर," त्या कुजबुजल्या. "तेही बिनापरमिशनचं."

तेवढ्यात केवलराम दचकून जागा झाला.

"बंद कावून केलं भाऊ?" तो कळवळून म्हणाला. "आत्ता कुठं डोळा लागून राहिला होता!"